इंग्रजी वाक्यांतील चुका आणि आपली मराठी
(चिखले येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तो मेळाव्याच्या मानाने रुक्ष खरा. परंतु ज्यांची मुले बँकेच्या अथवा इतर स्पर्धापरीक्षांस बसतात त्यांस तो तसा वाटणार नाही. तेथे इंग्रजी वाक्याचे चार तुकडे करून पुढे ठेवितात आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे ते विचारितात. चिखले, घोलवड, बोर्डी या आपल्या चिकूच्या पट्ट्यातील हुशार मुलेही येथे अडखळतात. मग घरोघर एकच निष्कर्ष निघतो, की मराठी शाळेने घात केला. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. मुले जेथे चुकतात तेथे ती बहुधा मराठीचाच एखादा नियम इमानाने पाळीत असतात.

'ही डिड नॉट वेन्ट' हे वाक्य घ्या. 'तो गेला नाही' असे आपण म्हणतो. नकार आला तरी 'गेला' हे भूतकाळी रूप कायम राहते. इंग्रजीत भूतकाळाचा भार एकटा 'डिड' उचलतो, म्हणून पुढे मूळ 'गो' हेच रूप हवे. हे मर्म न सांगता वाक्य शंभर वेळा घोकविले तरी दोष जात नाही. 'आय नो हिम सिन्स फाइव्ह इयर्स' यात तर दोन दोष एकत्र नांदतात. आपले 'पासून' हे 'सोमवारपासून' यातही चालते आणि 'पाच वर्षांपासून' यातही. इंग्रजीत आरंभास 'सिन्स' आणि अवधीस 'फॉर' लागतो. शिवाय आपला 'ओळखतो' हा वर्तमानकाळ तेथे अपुरा पडतो. म्हणून 'आय हॅव नोन हिम फॉर फाइव्ह इयर्स'.

'जरी'ला 'तरी'ची जोड हवीच, या सवयीने मुले 'ऑल्दो' लिहून पुढे 'बट' घालतात. इंग्रजीस दोहोंपैकी एकच पुरतो. 'वन ऑफ माय फ्रेंड' असे लिहिणाऱ्यास विचारावे, 'एक मित्र' आणि 'दहा मित्र' यांत 'मित्र' शब्द कोठे बदलला? 'विषयी चर्चा' यातून 'डिस्कस अबाउट' आणि 'तिच्याशी विवाह' यातून 'मॅरीड विथ' निपजतात. 'डिस्कस'ला मध्ये शब्द नको, 'मॅरीड'ला 'टू' हवा.

प्रत्येक वेगळेपण दोषच असते असेही नाही. 'प्रीपोन' हा आपल्या देशात रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला आहे! परीक्षकापुढे मात्र तो जपून वापरावा.

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्या पिढ्यांनी गिरविली, त्यांस दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवय होती. सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. वर्षे वाढली, पण हे ताडून पाहणे मागे पडले, असे आमचे मत आहे. शेजारच्या बोर्डीस १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा मुलाच्या परिसरातील वस्तूंतूनच शिकविण्याची रीत त्यांनी घातली. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाचा परिसर म्हणजे त्याची मराठी. तेव्हा येत्या सुट्टीत प्रत्येक घरी एक वही असावी: चुकलेले इंग्रजी वाक्य, त्यामागचे मराठी वाक्य आणि मग शुद्ध वाक्य, या क्रमाने लिहावे.

एक दोष लेखी परीक्षेत सहसा दिसत नाही, मुलाखतीत मात्र नडतो. 'तू काल आला नाहीस ना?' यास आपण 'हो, आलो नाही' असे म्हणतो. इंग्रजीत नुसते 'येस' म्हटले की 'आलो होतो' असा अर्थ होतो. तेथे 'नो, आय डिडन्ट' असेच म्हणावे लागते. इंग्रजी माध्यमाची मुलेही येथे फसतात. एवढ्या एका प्रश्नोत्तराचा सराव आज घरी परतताना गाडीतच करून घ्यावा.