चर्चचीं दारें बंद झालीं तेव्हां

यवतमाळ जिल्ह्यांत ‘ख्रिस्ती’ हा शब्द उच्चारला कीं जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभे राहतात ते प्रॉटेस्टंट मिशनचे लोक. फ्री मेथॉडिस्ट मंडळींचें काम या भागांत फार दिवसांचें. शिवाय 1953 सालीं यवतमाळ शहरांत निघालेलें युनियन बिब्लिकल सेमिनरी हें धर्मशिक्षणाचें विद्यालय 1983 सालीं पुण्यास जाईपर्यंत तेथेंच नांदत होतें. कॅथलिक लोक त्या मानानें थोडे, आणि जे आहेत तेही विखुरलेले. 1955 सालीं स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतांत हा जिल्हा मोडतो. क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, तालुके 16. पूर्वेकडे वणी, दक्षिणेकडे पैनगंगेच्या खोऱ्यांतलें उमरखेड, आणि या दोन्ही गांवांहून जिल्ह्याचें ठाणें शंभर किलोमीटरांच्या आसपास दूर. अशा मुलुखांत एखाद्या कॅथलिक कुटुंबाला हांकेच्या अंतरावर दुसरें कॅथलिक घर नसावें, यांत नवल नाहीं. त्या कुटुंबाची रविवारची मिस्सा ही उपासना तर असतेच. परंतु आपल्यासारख्या चार माणसांत बसण्याची आठवड्यांतली ती एकच वेळही असते.

2020 च्या मार्च महिन्यांत ही वेळ गेली. पुण्यांत करोनाचे पहिले रुग्ण सांपडल्यास आठवडा उलटला नाहीं तोंच दुबईहून परतलेल्या प्रवाशांमुळें यवतमाळचें नांवही वर्तमानपत्रांत आलें. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. ख्रिस्ती वर्षांतला अत्यंत पवित्र आठवडा अगदीं तोंडावर होता. 5 एप्रिलला झावळ्यांचा रविवार, 10 ला गुड फ्रायडे, 12 ला ईस्टर. एरव्हीं वर्षभर चर्चची पायरी न चढणारा माणूसही या आठवड्यांत येतोच. आणि नेमक्या याच आठवड्यांत दारांना कुलपें लागलीं. पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधि त्या वर्षापुरता गाळावा व धर्मगुरूंनीं लोकांवांचूनच उपासना उरकाव्या, असा आदेश रोमहून निघाला. अमरावती धर्मप्रांताला तर त्या वेळीं स्वतःचा बिशपही नव्हता. पूर्वीच्या बिशपांची 2018 च्या डिसेंबरांत नागपूरचे आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली होती, आणि नव्यांची नेमणूक 2021 सालीं व्हावयाची होती.

देवळें, मशिदी, गुरुद्वारे सर्वच बंद होतीं. मग कॅथलिकांचें दुःख तें काय निराळें, असें कोणी विचारील. प्रश्न वाजवी आहे. त्याच वर्षीं आषाढीला संतांच्या पादुका एस्.टी.च्या गाडींतून पंढरपुरास गेल्या आणि लक्षावधि वारकरी घरींच राहिले. त्यांचें मन तुटलें असेल यांत शंका नाहीं. परंतु नाम घेतलें कीं देव तेथें उभा राहतो, ही शिकवण वारकऱ्याच्या हाडींमासीं खिळलेली. त्या बळावर त्याला आपल्या ओसरीवर पंढरी उभी करतां आली. कॅथलिकाची अडचण याहून वेगळी आहे. मिस्सेचे दोन मुख्य भाग. पहिल्यांत शास्त्रवाचन व त्यावर प्रवचन. दुसऱ्यांत वेदीवर भाकर आणि द्राक्षारस यांचें अर्पण, आणि त्यांतून ख्रिस्तप्रसाद. ही भाकर म्हणजे येशूचें प्रत्यक्ष शरीर अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळें ती आठवून भागत नाहीं, ती खावी लागते. शिवाय ती देणारा हात धर्मगुरूचाच असावा लागतो, निदान ती त्यानें वेदीवर अर्पिलेली तरी असावी लागते. अडीअडचणीला बाप्तिस्मा कोणीही देऊं शकतो. जपानांत सुमारे अडीचशें वर्षें धर्मगुरु नसतांना तेथील छुप्या ख्रिस्ती लोकांनीं बाप्तिस्म्याच्या आधारेंच पिढ्यामागून पिढ्या आपला धर्म राखला. मिस्सा मात्र घरच्या कर्त्या माणसाला करतां येत नाहीं. म्हणून शास्त्रवचन तारेंतून, लहरींतून घरीं आलें. भाकर आली नाहीं.

या उपाशीपणावर जुना उतारा आहे, त्यास आत्मिक ख्रिस्तप्रसाद म्हणतात. प्रसाद घेण्याची उत्कंठा मनांत धरावयाची व तशी प्रार्थना करावयाची. अठराव्या शतकांतल्या संत आल्फोन्सस लिगोरी यांची या प्रसंगाची प्रार्थना या दिवसांत पुष्कळांच्या तोंडीं बसली. पण प्रार्थनेंतली उत्कंठा कितीही खरी असली तरी तिनें भूक वाढते, भागत नाहीं. आणि ती भागूं नये हेंच कदाचित् त्या प्रार्थनेचें प्रयोजन असावें.

मोबाइलच्या व दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून मिस्सा दिसूं लागली ही सोय निःसंशय मोठी होती. अशा सोयीला कॅथलिक परंपरेंत आधारही आहे. व्हॅटिकनचें नभोवाणी केंद्र खुद्द मार्कोनीच्या हातून 1931 सालीं उभें राहिलें. आणि 1958 सालीं पोप बारावे पायस यांनीं असिसीच्या संत क्लारेला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री ठरविलें, कारण अंथरुणाला खिळलेल्या क्लारेला दूरच्या चर्चमधली उपासना आपल्या खोलींत दिसली अशी कथा आहे. 27 मार्च 2020 च्या संध्याकाळीं पावसांत न्हालेल्या, निर्मनुष्य सेंट पीटर चौकांत पोप फ्रान्सिस एकटे उभे राहिलेले जगानें पाहिले, तेही पडद्यामुळेंच. त्यांच्यामागें उभा केलेला लांकडी क्रूस 1522 च्या सांथींत रोमच्या रस्त्यांतून मिरवला गेलेला होता.

तरी पडद्याचा एक दोष झांकतां येत नाहीं. पडद्यापुढें माणूस पाहणारा होतो. प्रथम घरांतलीं सगळीं माणसें आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन, मेणबत्ती लावून बसतात. वेळेवर उठतात, वेळेवर गुडघे टेकतात. दोन महिन्यांनीं चहाचा पेला हातांत येतो. आणखी दोन महिन्यांनीं मिस्सा चालू असते आणि स्वयंपाकघरांतून फोडणीचा आवाज येतो. घरोघरीं हें असेंच झालें असें नाहीं; परंतु पुष्कळ घरांत झालें, आणि त्यांत त्या घरांचा दोष फार नाहीं. ज्या उपासनेंत आपल्या वांट्याला उत्तर देणें, गाणें, चालत वेदीपर्यंत जाणें यांपैकीं कांहींच उरत नाहीं, तिच्यापुढें शरीर आपोआप सैल पडतें.

ज्या घरांनीं पडद्याच्या जोडीला जपमाळ हातांतून सोडली नाहीं, तीं घरें निराळीं राहिलीं. जपमाळ म्हणजे काय तें येथें सांगितलें पाहिजे. प्रभूची प्रार्थना एकदां, मग मरियेची वंदना दहा वेळां, मग पित्या-पुत्र-आत्म्याचा गौरव. असे पांच फेरे. प्रत्येक फेऱ्याला येशूच्या अथवा मरियेच्या चरित्रांतला एकेक प्रसंग डोळ्यांपुढें आणावयाचा. पूर्वीं असे 15 प्रसंग होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं 2002 सालीं आणखी पांच जोडले. वेळ लागतो वीस-पंचवीस मिनिटांचा. खुबी अशी कीं घरांत सगळे मिळून म्हणतांना ही प्रार्थना वांटून घेतली जाते. अर्धी वंदना एकानें म्हणावयाची, उरलेली अर्धी सर्वांनीं. पहिला फेरा आजीचा, दुसरा बापाचा, तिसरा धाकट्या मुलीचा. ती मोजतांना चुकते, कोणी बोटानें मणी दाखवितें, पुढें चालतें. तिला धर्मगुरु लागत नाहीं, वीज लागत नाहीं, शेजारीं दुसरें कॅथलिक घरही लागत नाहीं. 25 एप्रिल 2020 रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं जगांतल्या सर्व श्रद्धावंतांना पत्र लिहून मे महिन्यांत घरींच जपमाळ म्हणण्याची विनंति केली. आणि 1983 च्या धर्मसंहितेंत तर आधींपासूनच लिहिलेलें होतें कीं, धर्मगुरूच्या अभावीं वा अन्य गंभीर कारणानें मिस्सेला जातां आलें नाहीं, तर एकट्यानें किंवा कुटुंबासह प्रार्थनेंत वेळ घालवावा. नगरांतल्या कॅथलिकांना हें कलम सांथीनें दाखविलें. चर्चपासून कोसाकोसांवर राहणाऱ्या आडगांवच्या कुटुंबाला तें वाचण्याचीही गरज नव्हती; पावसाळ्यांत नाल्याला पूर आला कीं त्याचा रविवार पूर्वीपासून तसाच जात आला आहे.

मराठी कॅथलिकांच्या इतिहासांत घरानें धर्माचा भार उचलल्याचा दाखला मोठा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट धर्मगुरूचें क्रिस्तपुराण 1616 सालीं गोव्यांत राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या जुन्या छापील आवृत्तींची एकही प्रत आज हातीं लागत नाहीं. तो तगला तो लोकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांतून, म्हणजे घरांतून. 1784 सालीं टिपू सुलतानानें कॅनरांतल्या कॅथलिकांना धरून श्रीरंगपट्टणास नेलें. तो दिवस राखेच्या बुधवारचा होता असें त्यांची परंपरा सांगते. 1799 पर्यंतच्या त्या कैदेंत चर्च नव्हतें. क्रिस्तपुराणाचें पठण करून लोकांनीं श्रद्धा टिकविली, अशी आठवण त्यांच्या वंशजांनीं जपली. पुढें 1907 सालीं ग्रंथाची नवी आवृत्ति मंगळुरास निघाली ती याच पोथ्यांच्या जोरावर. ओवी ही मराठी माणसाची घरगुती चाल. जात्यावर, पाळण्याशीं, पोथीपुढें ती सारखीच बसते. स्टीफन्सनें ती कां निवडली असेल, हें या एका प्रसंगावरून ध्यानांत येतें.

1896 सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हांची रीत आणखी वेगळी. वांद्रें, माझगांव, गिरगांवांतली खोताची वाडी अशा वस्त्यांत कॅथलिकांनीं गल्लीच्या तोंडाशीं क्रूस उभारले आणि त्यांपुढें उघड्यावर प्रार्थना चालविल्या. त्या काळचे आंकडे कोरलेले कांहीं क्रूस अद्याप उभे आहेत. मिलान शहरांत 1576 च्या प्लेगांत आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनीं चौकाचौकांत वेद्या मांडविल्या होत्या, म्हणजे घरांत कोंडलेल्या माणसांना खिडकींतून मिस्सा दिसावी. घंटा वाजली कीं लोक दारांत येऊन प्रार्थना म्हणत आणि समोरचीं घरें उत्तर देत. त्या रोग्या शहरांत निदान शेजाऱ्याचा आवाज तरी ऐकूं येत होता.

सांथीनें सर्वांत मोठा घाव घातला तो अखेरच्या निरोपावर. कॅथलिक घरांत मृत्यु झाला कीं धर्मबांधव जमतात, जपमाळ म्हणतात, मृताला चर्चमध्यें नेतात, तेथून दफनभूमीकडे. करोनाच्या दिवसांत अंत्ययात्रेस वीसच माणसांची मर्यादा पडली, आणि रुग्णालयांत मृत्यु आलेल्यांच्या वांट्याला तेवढींही आलीं नाहींत. 30 मार्च 2020 रोजीं मुंबई महापालिकेनें धर्म कोणताही असो, करोनानें मेलेल्या सर्वांचें दहनच करावें असें परिपत्रक काढलें. कांहीं तासांतच तें बदलून, जागा ऐसपैस असेल तेथें दफनास मुभा दिली. कॅथलिक चर्चनें दहनाला 1963 सालींच परवानगी दिलेली असल्यामुळें शास्त्राचा अडथळा नव्हता. पण शास्त्राची परवानगी निराळी आणि आईच्या कबरीवर मूठभर माती टाकण्याची संवय निराळी. विखुरलेल्या जिल्ह्यांत तर ज्या घरीं मृत्यु झाला तेथें सांत्वनाला येणारे तालुक्यापलीकडून यावयाचे, आणि रस्ते बंद. अशा घरांत सातव्या दिवशीं, तिसाव्या दिवशीं दोन-तीन माणसांनींच जपमाळ म्हटली असेल. उत्तर देणारे आवाज इतके थोडे कीं प्रत्येकाला दुसऱ्याचा हुंदका ऐकूं यावा.

16 नोव्हेंबर 2020 ला, दिवाळीच्या पाडव्याला, महाराष्ट्रांतलीं प्रार्थनास्थळें उघडलीं. पण वऱ्हाडच्या नशिबीं दुसरी लाट आधीं होती. 17 फेब्रुवारी 2021 हा राखेचा बुधवार. त्याच आठवड्यांत अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांत पुन्हां निर्बंध आले. या दिवशीं धर्मगुरु ज्याच्या त्याच्या कपाळीं राख लावून ‘माती असशी, मातींत मिळशी’ अशा अर्थाचें वचन उच्चारतो. त्या वर्षीं रोमनें विधि बदलला होता: वचन सर्वांसाठीं एकदांच म्हणावें, मुखपट्टी बांधावी, आणि न बोलतां डोक्यावर राख शिंपडावी. ती राख मागल्या वर्षींच्या आशीर्वादित झावळ्या जाळून करण्याची रूढि. 2020 सालीं तर लोकांना झावळ्या वांटल्याच गेल्या नव्हत्या; घरोघरीं क्रूसामागें खोंवलेली वाळकी झावळी 2019 सालची होती. एप्रिलांत राज्यभर दारें पुन्हां मिटलीं तीं 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशीं उघडलीं. ऑक्टोबर हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना आहे.

दारें उघडल्यावर सर्वच परतले असें नाहीं. कांहींना पडदा पुरेसा वाटूं लागला होता; कांहीं म्हाताऱ्यांचे गुडघे मधल्या दीड वर्षांत चालेनासे झाले होते. जे परतले त्यांना ख्रिस्तप्रसाद हातावर घेतांना हात थरथरल्याचें आठवतें. एप्रिल 2022 च्या आरंभीं राज्यांतले सगळे निर्बंध उठले, आणि 10 एप्रिलच्या झावळ्यांच्या रविवारीं लोक पुन्हां ताज्या झावळ्या घेऊन घरीं गेले. जुन्या काढून क्रूसामागें नव्या खोंवल्या गेल्या. पुढल्या वर्षीं, 22 फेब्रुवारी 2023 च्या बुधवारीं, त्यांचीच राख कपाळाला लागली.