कूतच्या खंदकांतील एकशे सत्तेचाळीस दिवस

पहिल्या महायुद्धातील खंदक म्हटले, की फ्रान्समधील चिखल आणि काटेरी तारा डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्राचा निकटचा संबंध मात्र आला तो आजच्या इराकमधील खंदकांशी. कूत हे तैग्रिस नदीच्या वळणात वसलेले गाव. ‘पुणे डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन बगदादच्या दिशेकडून माघार घेत ३ डिसेंबर १९१५ रोजी तेथे पोहोचली आणि चारच दिवसांत तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

थकून आलेल्या शिपायांच्या हाती प्रथम पडले ते कुदळ आणि फावडे. तीन बाजूंना नदी. उत्तरेची बाजू तेवढी उघडी. ती खणून काढावयाची होती. दिवसा डोके वर काढणे म्हणजे नेमबाजाला निमंत्रण, म्हणून डागडुजीची कामे रात्रीच चालत. नदीचा काठही माऱ्यात असल्याने पखाल घेऊन पाण्याला जाणारा भिस्ती शिपायाइतकाच धोका पत्करीत असे. युद्धाच्या इतिहासांत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. २४ डिसेंबरला तोफांनी किल्ल्याच्या मातीच्या भिंती ढासळल्या, तेव्हा तेथे १०३ वी पलटण होती. हातघाईच्या लढाईत तो हल्ला परतविण्यात आला. पुढे जानेवारीत तैग्रिसला पूर आला. पुढचे खंदक पाण्याखाली गेले आणि दोन्ही सैन्यांना मागे सरावे लागले.

परंतु खरी कसोटी लागली ती अन्नाची. पीठ दळण्यासाठी जात्याच्या तळ्या विमानातून टाकाव्या लागल्या. शिधा उतरत उतरत काही औंसांवर आला. घोडे व खेचरे मारून गोऱ्या सैनिकांना मांस मिळू लागले. बहुतेक हिंदी शिपायांनी ते नाकारले. हा केवळ हट्ट नव्हता. गावी परतल्यावर पंगतीत कोण बसवील, मुलामुलींची लग्ने कशी जमतील, ही चिंता त्यामागे होती. धर्मगुरूंची संमती हिंदुस्थानातून मिळविण्यात आली, तरी शिपायांचे मन वळण्यास एप्रिल उजाडला. तोवर भाजीपाल्याच्या अभावी हिरड्या सुजविणाऱ्या स्कर्व्हीने त्यांना ग्रासले होते. खंदकांच्या आसपासचा रानपाला खुडून शिजविला जाई. गोऱ्या पलटणींत, पांढऱ्या पिठाच्या पावामुळे, बेरीबेरी पसरला. जवाचे भरड पीठ आल्यावर तो कमी झाला. एकाच वेढ्यात ताटागणिक रोग वेगळा होता!

एप्रिलमध्ये विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली, पण हजारो तोंडांना ती पुरणार कशी? २४ एप्रिलला ‘जुलनार’ ही आगबोट २७० टन सामग्री घेऊन निघाली, ती वाटेतच शत्रूच्या हाती पडली. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाऊन्सहेंड यांनी शरणागती पत्करली. उपाशी शिपायांना वाळवंटातून चालविण्यात आले. कित्येकांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले. त्यांपैकी अनेक परतले नाहीत.

बसरा येथील स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य शिपायांची मात्र पलटणवार संख्याच आली. महाराष्ट्रातील कित्येक गावांत त्या युद्धाचे संगमरवरी फलक आजही आहेत. या गावातून इतके गेले, इतके कामी आले, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. नावे तेथेही नाहीत. ज्या गावी असा फलक असेल, तेथील वृद्धांना आणि जुन्या घराण्यांना विचारून ती नावे शाळेच्या दप्तरी नोंदविता येतील. मात्र आता फार थोडी घरे ती सांगू शकतील.