दात घडविणारे कारागीर



शाळेत एखाद्या मुलाच्या दातांवर तपकिरी डाग दिसले, की आपण चटकन विचारतो, "काय रे, दात घासत नाहीस वाटतं?" पोर मान खाली घालते. पण पुष्कळदा त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो. तो कसा नसतो, हे कळायला दात कसा घडतो ते पाहिले पाहिजे.

मूल आईच्या पोटात सुमारे सहा आठवड्यांचे असते, तेव्हाच दातांची तयारी सुरू होते. तोंडाचे अस्तर आणि त्याखालचा मऊ थर हे दोघे शेजारी. ते एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात आणि त्या निरोपांवर पेशींचे काम ठरते.

आता पाहा, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. वर्गात सगळ्यांजवळ पुस्तक एकच, पण कोणी कोणता धडा केव्हा उघडायचा हे गुरुजी सांगतात ना? तसेच हे. दातांच्या बाबतीत पॅक्स-९ आणि एमएसएक्स-१ ही जनुके असे गुरुजीपण करतात; दुसऱ्या जनुकांना ती जागे करतात किंवा गप्प बसवितात. त्यांच्यातच बिघाड असला, तर काही दात मुळी येतच नाहीत आणि ही उणीव घराण्यात उतरते.

१९६९ साली कोलर आणि बेअर्ड या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या गर्भातील दाढेचा खालचा थर घेऊन त्यावर त्यांनी पुढच्या दाताचे अस्तर बसविले. तयार झाली दाढ! उलट जोडणी केली, तर पुढचा दात झाला. म्हणजे त्या वेळी आकाराचा हुकूम खालच्या थराकडे असतो.

पुढे पेशींच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. आतली रांग दाताचे हाड, म्हणजे दंतिन, घालते. बाहेरची त्यावर चकचकीत कवच, म्हणजे दंतवल्क, चढविते. घर सारवणारी बाई जशी सारवत सारवत मागे सरकते, तशा या दोन्ही रांगा काम करीत मागे हटतात. आतले कारागीर जन्मभर दातात राहतात. बाहेरचे मात्र काम संपवून, दात उगवताना नाहीसे होतात. म्हणून कवच एकदा झिजले, की शरीराला ते पुन्हा घडविता येत नाही.

पुढच्या कायमच्या दातांचे हे काम जन्मानंतर तीन-चार महिन्यांत सुरू होऊन चार-पाच वर्षांचे होईतो चालते. दात दिसतो सातव्या-आठव्या वर्षी! मधल्या काळात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड फार असले, तर कारागिरांच्या कामात विघ्न येते आणि डागाळलेलाच दात बाहेर पडतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत असे पाणी आढळले आहे.

तेव्हा गुरुजनहो, एकाच विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिणाऱ्या बऱ्याच मुलांचे दात तसे दिसले, तर पोरांना रागावू नका. पाणी तपासून घ्या. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड निघाले, तर निदान लहान मुलांसाठी तरी दुसरे पाणी शोधा. उकळून ते जात नाही, हेही घरोघर सांगा. आणि दात रोज घासायचेच, कारण कवच घडविणारे कारागीर केव्हाच निघून गेले आहेत. राखण आता आपल्याकडे आहे.