शेजाऱ्यांनी विणलेले जाळे



स्पेनमधील कातालोनिया प्रांतात ओसोना हा ग्रामीण भाग आहे. कंपन्या तेथे वेगवान इंटरनेट पोहोचवीनात. तेव्हा 2004 साली रहिवाशांनीच छपरांवर बिनतारी यंत्रे बसविली. एका छपरावरून दुसऱ्यावर, तेथून तिसऱ्यावर संदेश जाऊ लागला. हेच ‘गुइफी’ जाळे. पुढे त्याची जोडकेंद्रे 30,000 च्या वर गेली. नियम साधा: ज्याने जोडणी घ्यावी, त्याने शेजाऱ्याचा संदेशही पुढे जाऊ द्यावा. दोन वाटा असल्या तर एक बंद पडली तरी काम अडत नाही. परंतु बिघडलेले यंत्र दुरुस्त करणारा हात गावातच हवा. तो घडविणे हे शिक्षणाचे काम. पालकहो, मुलामुलींना यंत्र नुसते वापरावयास नव्हे, जोडावयासही शिकवू या.