थांबू नका, बेताने चाला
(लवासा येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावलं आहे, ‘भाषण ठोकू नकोस, कामाचं सांग.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे. काल संध्याकाळपासून ‘कशी आहेस?’च्या पाठोपाठ ‘जरा माझा गुडघा बघ ना’ हेच ऐकते आहे. म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

आज सकाळी वरसगावच्या पाण्याकाठी फिरायला निम्मेच जण आले. बाकीचे म्हणाले, ‘आता आमचं वय झालं.’ मला काळजी वाटते ती याच वाक्याची. दुखतं म्हणून चालणं बंद होतं, चालणं बंद झालं की मांडीचे स्नायू अशक्त होतात, मग सांध्याला आधार उरत नाही आणि तो आणखी दुखतो. हे चक्र तोडायचं तर भार कमी करा, हालचाल थांबवू नका.

इथले रस्ते चढउताराचे. चढताना दम लागतो, पण गुडघा जास्त कुरकुरतो तो उतरताना. सपाटीवर चालताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना उतरताना साडेतीनपटीच्या आसपास. म्हणून उतारावर पावलं लहान टाका, कठडा धरा, काठी घ्यायला लाजू नका. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची.

घरी रोज दोनच गोष्टी करा. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा आणि ओट्याला धरून टाचा उचला. व्यायामाने थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं, तर चालेल. सकाळी जास्त दुखलं किंवा सूज दिसली, तर प्रमाण कमी करा.

कंबर धरली म्हणून आठवडाभर अंथरूण धरू नका. थोडं थोडं हिंडत-फिरत राहिल्यास बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत मोकळी होते. मात्र पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दुपारी शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा क्रिकेटचा सामना आहे. पाय मुरगळला तर चोळू नका. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, पाय उंच ठेवा. चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायलाच हवा.

आणि एखादा खेळ खरोखरच सुटला, तर दुसरा धरा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यातले बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय निकामी झाले, बॉक्सिंग संपलं. ते पोहण्याकडे वळले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. आपल्याला पदक नको. पळणं जमत नसेल तर पोहणं, सायकल, सपाटीवरचं चालणं, काहीही चालेल.

आता आभारप्रदर्शनाआधी सगळ्यांनी हात न टेकता खुर्चीतून उठायचं आहे. सर, बाई, तुम्हीसुद्धा! तुम्ही खुर्चीचा हात धरलात तरी चालेल. शाळेत तुम्ही आम्हाला बाकावर उभं करत होतात, आज आम्ही तुम्हाला नुसतं जागेवर उभं करतो आहोत.