दुधाचे दात : ओठ उचलून पाहा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत दातांच्या डॉक्टरचं काय काम, असं तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आलं असेल. मी येतो पालघर जिल्ह्यातून. आमच्याकडे कपाशी नाही. भात, नागली, वरई, किनाऱ्याला चिकू. मध्ये बोईसर-तारापूरची एमआयडीसी. तारापूरला १९६९ सालापासून अणूपासून वीज होते. पण तिथल्या चाळीतल्या आईला, लेकराच्या तोंडात काय पाहायचं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. कारखान्यांच्या पाळ्यांवर कोरडवाहू भागातलीही पोरं येतात, खोली घेतात, संसार मांडतात. त्यांची लेकरं आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातली लेकरं, दोघांच्या तोंडात मला एकच चित्र दिसतं. तीन वर्षांचं पोर, आणि वरच्या पुढच्या चार दातांचे काळे खुंट. आई म्हणते, "दुधाचेच आहेत, पडतील की."

पडतील, पण कधी? पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात. दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. तोवर पोराने भाकरी चावायची कशाने? शिवाय या दाढा पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. त्या लवकर गेल्या की मागचे दात पुढे सरकतात आणि नवे वाकडेतिकडे येतात.

१९९२ साली आमच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने बालकं दगावली, ते तुम्ही ऐकलं असेल. किडक्या दातांनी कुपोषण होतं असं मी म्हणत नाही. त्याचं मूळ भुकेत आणि दारिद्र्यात आहे. पण आधीच अर्धपोटी असलेल्या पोराची दाढ ठणकत असेल, तर ते समोरची भाकरीही बाजूला सारतं. अंगणवाडीत त्याचं वजन होतं, दंडाचा घेर मोजला जातो. तोंड उघडून क्वचितच कोणी पाहतं.

आता ही कीड म्हणजे काय? आपण 'कीड' म्हणतो म्हणून अळी डोळ्यापुढे येते. काटेरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे अजून गावोगाव आहेत. दातात अळी नसते, तेव्हा पडणार कुठून? तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ पदार्थांवर जगतात आणि आंबट तयार करतात. ते आंबट दातावरचं कवच विरघळवतं. लाळ हळूहळू ती झीज भरून काढते, पण तिला उसंत मिळाली तर. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. सणाला जेवणाबरोबर पोटभर पुरणपोळी खाल्लेल्या पोरापेक्षा, दिवसभर बिस्किटाचा पुडा धरून बसलेलं पोर लवकर किडतं. आणि गुळाचं म्हणाल तर साखर वाईट, गूळ चांगला, हा भेद दाताला कळत नाही.

कापूस वेचणीचे दिवस आठवा. आई ओळीत, लेकरू झाडाखालच्या झोळीत, राखायला थोरली बहीण. रडलं की बिस्कीट, पुन्हा रडलं की चहात बुडवलेलं टोस्ट. घरचं दूध डेअरीला जातं आणि पोराच्या वाट्याला गोड चहा येतो. आमच्या बोईसरला झोळीऐवजी बाटली : आईची पाळी, आणि साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊन पोर झोपलेलं. झोपेत लाळ आटते, गोड रात्रभर दातावर साचतं. जीभ खालच्या दातांना झाकते, म्हणून ते वाचतात. वरचे पुढचे जातात. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षं खुशाल पाजा, त्याला माझा दोष नाही. फक्त दात आले की ते पुसत चला.

ओळखायचं कसं, ते मायबहिणींनी नीट ऐकावं. ज्वारीत पोंगा वाळलेला दिसला, म्हणजे खोडमाशीच्या अळीने आत आपलं काम उरकलेलं असतं. काळा दात म्हणजे तसा वाळलेला पोंगा. पाहायचं ते त्याच्या आधी. महिन्यातून एकदा, उजेडात, पोराला मांडीवर उताणं घ्या, डोकं तुमच्याकडे. वरचा ओठ उचला, दात फडक्याने कोरडे करा. हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात. तिथे भोक नाही, दुखणंही नाही, आणि एवढ्यावर ती मागे फिरू शकते. पुढे तिचा पिवळट-तपकिरी खड्डा होतो, मग मागे फिरणं नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. तिथेही दातांवर पांढरे, तपकिरी डाग येतात. पण ते बहुधा सहा वर्षांनंतर येणाऱ्या पक्क्या दातांवर, दोन्ही बाजूंना सारखे, दातभर पसरलेले. हिरडीलगतची रेघ ती वेगळी. त्या गावांनी आधी पाणी तपासून घ्यावं.

पहिला दात आला की दिवसातून दोनदा घासा, रात्रीचं चुकवू नका. पेस्ट फ्लोराईडची, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नको. त्यात कंपनीचा फायदा. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावं, पोराच्या हाताला ते वळण नसतं. राख, कोळसा, विटेची भुकटी दात खरवडते. आणि मशेरी ही तंबाखूच आहे, ती लेकराच्या तोंडात घालू नका.

सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्या आधी काही पडत नाही, त्यामुळे आई तिला दुधाचीच समजते. ती जन्माची दाढ आहे.

कीड लागलीच असेल, तर प्रत्येक दात उपटावा लागत नाही. चांदी आणि फ्लोराईड असलेलं एक औषध नुसतं लावून कीड थांबवता येते. डाग काळा पडतो, पण मशीन लावावं लागत नाही. २०१३ पासून सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्यांच्या यादीत दातांची कीडही आहे. पथक आलं की, "दातही पाहा," असं तोंडाने सांगा. मोठ्या कामासाठी नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत.

हिरडीवर पुळी दिसली तर आठवडी बाजाराची वाट पाहू नका. गाल सुजला, ताप चढला, पोराला तोंड उघडता येईना किंवा गिळता येईना, किंवा सूज डोळ्याकडे अथवा गळ्याकडे सरकली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. लवंगेचं तेल, शेक, दुकानातली गोळी यांत घालवायला तेव्हा वेळ नसतो.