काळा शर्ट पांढरा दिसला तेव्हा

आज घरावरच्या कॅमेऱ्याबद्दल बोलायचं आहे. कॅमेरा कुठला घ्यावा ते नाही, तर तो रात्री काय दाखवतो ते. आमच्या हातून यात एक चूक झाली, म्हणून हा विषय घेतला.

आमचा बचत गट टोमॅटो आणि काकडी वाशीच्या एपीएमसी मार्केटला पाठवतो. रिकामे क्रेट परत आले की आमच्यातल्या एकीच्या पडवीत रचून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात ते कमी भरायला लागले. आज चार, परवा सहा. क्रेट व्यापाऱ्याचे, भरपाई आमच्या पट्टीतून. मग गटाच्या पैशातून पडवीत कॅमेरा बसवला.

चौथ्या रात्री कॅमेऱ्यात कोणीतरी आलं. पण चित्र कसलं, नुसतं धुकं. त्या धुक्यात वाकून क्रेट उचलणारा माणूस, चेहरा दिसत नाही, अंगात पांढरा सदरा. आता आमच्या वाडीत पांढरा सदरा घालून रात्री-अपरात्री पाणी धरायला जाणारे एकच दादा. आमच्याच शेतावर कामाला येणारे. आम्ही तोंडावर काही बोललो नाही, पण त्यांना कामाला बोलावणं बंद केलं. वाडीत अशा गोष्टीचा अर्थ सगळ्यांना कळतो.

पुढच्या महिन्यात आम्ही चौघी टेम्पोबरोबर वाशीला गेलो. भाव कसा ठरतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मुंबईतला भाजीचा आणि फळांचा घाऊक बाजार 1996 साली वाशीला आला. गाव झोपतं तेव्हा तिथे दिवस उगवतो. रात्रभर गाड्या लागतात, हमाल पाठीवर माल घेऊन पळत असतात आणि उजाडायच्या आत निम्मा माल उठलेला असतो. आम्हाला गाळ्यात एका बाकावर बसवलं. समोर टीव्हीवर कॅमेऱ्याची चित्रं. पुढची बाजू दिव्यांमुळे रंगीत, तर मागच्या अंधाऱ्या बोळाचं चित्र काळंपांढरं. त्या बोळात एक मुलगा पांढऱ्या शर्टात क्रेट लावत होता. थोड्या वेळाने तोच मुलगा पुढे आला. शर्ट काळा कुळकुळीत!

आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. हिशेब लिहिणाऱ्या काकांना विचारलं, तर ते हसले. म्हणाले, "ताई, रात्रीच्या कॅमेऱ्यावर रंग ओळखायचा नाही."

काकांनी सांगितलं ते असं. कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती बारीक दिवे असतात. ते अंधारात इन्फ्रारेड प्रकाश टाकतात, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. टीव्हीच्या रिमोटमध्येही तोच असतो. रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच मोबाइलवर ठिपका चमकलेला दिसेल. दिवसा हा प्रकाश अडवायला कॅमेऱ्यात एक काच असते. अंधार पडला की ती बाजूला सरकते, तेव्हा 'टक' असा आवाज येतो. मग चित्र काळंपांढरं होतं. आपल्याला काळा दिसणारा कपडा हा प्रकाश परत फेकू शकतो, मग कॅमेऱ्यात तो पांढरा दिसतो. झाडाची हिरवी पानंसुद्धा पांढरी दिसतात.

आणि धुकं? ते कोळ्याचं जाळं होतं! भिंगाजवळ ऊब असते, उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी. जाळं भिंगाच्या अगदी पुढ्यात, त्यावर प्रकाश पडला की ते लखलखतं आणि मागचं सगळं बुडतं. आमच्या कॅमेऱ्याला वर पत्र्याची वळचणही होती. जवळचा पत्रा उजळला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, मग तो अंगण काळं करून टाकतो. कॅमेरा खिडकीच्या काचेआडून लावला तरी हेच होतं, प्रकाश काचेवरून उलटा येतो.

घरी आल्यावर आम्ही कॅमेरा वळचणीच्या खाली उतरवला. इन्फ्रारेडचा वेगळा दिवा आणला, तो कॅमेऱ्यापासून चार-पाच हात लांब, बाजूच्या खांबावर लावला. कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे सेटिंगमधून बंद केले. आता किडे त्या दिव्याकडे जातात, भिंग मोकळं राहतं. दिवे दोन जातींचे मिळतात. 850 लिहिलेला लांबवर पोहोचतो, पण अंधारात मंद तांबूस ठिपका दिसतो. 940 चा ठिपका जवळजवळ दिसत नाही, पण पोच कमी. आम्ही 850 चा घेतला. ठिपका दिसला तर दिसू दे, आम्हाला चोर पकडण्यापेक्षा चोर नको आहे. खोक्यावर लिहिलेल्या अंतरावर मात्र जाऊ नका. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. आपलं अंगण पावलांनी मोजा, मगच दुकानात जा. पेटलेल्या दिव्यात जवळून डोळा लावून बघू नका, मुलांनाही सांगा. न दिसणाऱ्या उजेडाला डोळा आपणहून मिटत नाही. आणि कॅमेऱ्याचं तोंड शेजारणीच्या न्हाणीकडे नसावं, हे सांगायला नकोच.

चोर सापडला का, असं सगळ्या विचारतात. नाही सापडला. दिवा लावल्यापासून क्रेट गेले नाहीत, एवढंच.

दादांच्या घरी आम्ही सगळ्या मिळून गेलो. मोबाइलवर आमच्याच एकीचं रात्रीचं चित्र दाखवलं, गडद निळी साडी पांढरी दिसणारी. वहिनींनी चहा केला. दादांनी चित्र बघितलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "विचारलं असतं तर सांगितलं असतं." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. कांद्याच्या लागणीला आम्ही निरोप धाडला, ते आले नाहीत. उन्हाळ्यात टोमॅटोच्या बांधणीला आले. पडवीतले क्रेट मात्र अजून आम्हालाच उचलून द्यावे लागतात, ते पडवीची पायरी चढत नाहीत.